गुळवेलीचे पॉलिसॅकराइड शुद्ध करताच त्याचा अँटिऑक्सिडंट गुण का उतरतो?

गुळवेलीच्या खोडाचा पाण्यातला अर्क घ्यावा, त्यात इथेनॉल ओतून पॉलिसॅकराइडांचा, म्हणजे साखरेच्या घटकांच्या लांब साखळ्यांचा, अवक्षेप मिळवावा आणि तो वाळवून डीपीपीएचची (अँटिऑक्सिडंटपुढे जांभळा रंग गमावणाऱ्या द्रव्याची) चाचणी करावी, तर पहिला आकडा फार उत्साहवर्धक येतो. त्यानंतर त्याच अवक्षेपातील प्रथिने काढली, डायलिसिस केले (पडद्याच्या पिशवीतून लहान रेणू पाण्यात जाऊ दिले), रंग उतरवला, की भुकटी दिसायला सुधारत जाते आणि अँटिऑक्सिडंट गुण मात्र पायरीपायरीने घसरत जातो. शेवटी पांढरी, हलकी, दिसायला निर्दोष अशी भुकटी हाती येते आणि तिच्यापुढे डीपीपीएचचा जांभळा रंग जागचा हलत नाही. पुढच्या खेपेला नवीन खोड आणून तीच कृती केली, तर उतारा (मिळालेल्या मालाचे प्रमाण) वेगळा, रंग वेगळा आणि आकडा तिसराच. आमच्या प्रयोगशाळेत ही तक्रार जवळजवळ दर वर्षी नव्या विद्यार्थ्याकडून नव्याने येते, म्हणून तिचे निदान कोणत्या क्रमाने करावे ते येथे सविस्तर मांडत आहे.

शुद्धीकरणात उष्णतेने किंवा आम्लाने गुणी रेणू मोडले असावेत, हा सर्वांचा पहिला संशय असतो आणि तो क्वचितच खरा ठरतो. बहुतेक वेळा घडलेले असते ते असे की कच्च्या अवक्षेपात वजनाने सर्वांत मोठा वाटा स्टार्चचा होता, मोजलेल्या गुणाचा मोठा वाटा त्याला चिकटून आलेल्या फिनॉल वर्गातील द्रव्यांचा होता, आणि ज्या अरॅबिनोगॅलॅक्टनसाठी (अरॅबिनोज व गॅलॅक्टोज या साखरांच्या पॉलिसॅकराइडसाठी) हा सारा खटाटोप चालला होता ते या दोहोंच्या मध्ये कोठेतरी थोडेसे होते. तेव्हा आपल्यापुढे खरे तर दोन वेगळे प्रश्न आहेत: हातातली भुकटी नेमकी काय आहे, आणि मोजलेला गुण नेमका कोणाचा आहे.

आयोडीनचा एक थेंब

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दोन मिनिटांत मिळते. भुकटीचे पातळ द्रावण करून ते पूर्ण थंड होऊ द्यावे आणि त्यात आयोडीन व पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचा एखादा थेंब टाकावा. थंड होऊ देण्याचे मुद्दाम सांगावे लागते, कारण स्टार्च आणि आयोडीन यांचा निळा रंग ऊन द्रावणात नाहीसा होतो आणि घाईत केलेली चाचणी स्टार्च नसल्याची खोटी साक्ष देते. गडद निळा रंग आला तर भुकटीचा मोठा भाग स्टार्च आहे. तांबूस किंवा तपकिरी छटा आली तर ती जास्त शाखा असलेल्या किंवा अर्धवट तुटलेल्या ग्लुकनची (ग्लुकोजच्या साखळीची) खूण असू शकते, आणि तिच्याकडे पुढे परत यावे लागेल.

गुळवेलीत स्टार्च असणे ही काही नवी गोष्ट नाही. गुळवेल सत्त्व म्हणून जे पांढरे चूर्ण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते ते मुख्यतः स्टार्चच असते. ताजे खोड ठेचून थंड पाण्यात रात्रभर भिजवतात, सकाळी हाताने कुस्करून वस्त्रगाळ करतात, गाळलेले पाणी न हलवता ठेवतात, वरची निवळ अलगद ओतून टाकतात आणि तळाचा साका वाळवतात. या कृतीत थंड पाण्यात विरघळणारे अरॅबिनोगॅलॅक्टन साक्यात राहतच नाही. ते निवळीबरोबर निघून जाते. सत्त्व करणारा माणूस जे पाणी मोरीत ओततो तेच आपल्याला हवे असते.

आणि आपण काय करतो? शोधनिबंधांतून उचललेली सर्वसाधारण कृती म्हणजे एक भाग चूर्णाला वीस भाग पाणी, ९० ते १०० अंश सेल्सियस, दोन ते तीन तास. आळंबीसारख्या स्टार्च नसलेल्या द्रव्याला ही कृती चालते. गुळवेलीसारख्या स्टार्चयुक्त खोडाला ती लावली की स्टार्चचे कण साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि द्रावणात उतरतात. थोडक्यात आपण खळ शिजवत असतो. ती गाळणीतून उतरत नाही, सेंट्रिफ्यूजमध्ये नीट बसत नाही, आणि इथेनॉल ओतल्यावर एवढा भरघोस पांढरा अवक्षेप देते की उतारा पाहून मन प्रसन्न होते. खोडातील स्टार्च हा वेलीचा साठवलेला अन्नसाठा असल्याने तो ऋतूप्रमाणे आणि खोडाच्या वयाप्रमाणे कमीजास्त होतो. खेपेगणिक उताऱ्यात पडणाऱ्या फरकाचे हे पहिले कारण आहे.

त्यामुळे गुळवेलीसाठी पहिला अर्क थंड पाण्यात, फार तर ४० अंशांवर घ्यावा आणि स्टार्चचे कण अखंड ठेवून सेंट्रिफ्यूजने खाली बसवावेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्यासाठी खोडाची आधीची हाताळणी सांभाळावी लागते, आणि नेमक्या येथेच बहुतेकांचे चुकते. ताजे, ओलसर खोड ८० अंशांच्या ओव्हनमध्ये कोंबले तर स्वतःच्याच ओलाव्यात त्यातला स्टार्च शिजतो आणि मग थंड पाण्यातही उतरतो. म्हणून खोडाच्या पातळ चकत्या करून त्या सावलीत किंवा ४० ते ४५ अंशांवर, हवा खेळती ठेवून वाळवाव्यात. दुसरी चूक दळण्याची. चूर्ण जितके बारीक तितका अर्क चांगला, हा समज येथे नडतो, कारण जोरात आणि दीर्घ काळ दळल्याने चूर्ण तापते, स्टार्चचे कण चेचले जातात, आणि चेचलेला स्टार्च थंड पाण्यातही काही प्रमाणात विरघळतो. भरड चूर्ण घ्यावे आणि दळताना मध्ये मध्ये थांबावे. खोडावरची कागदासारखी सुटणारी पातळ साल आधी काढून टाकली तर रंगही बराच कमी उतरतो.

थंड पाण्यात अर्क घेतल्यानंतर उरलेला चोथा फेकू नये. त्याचा वेगळा गरम अर्क घ्यावा, आणि तो पहिल्या अर्कात कधीही मिसळू नये. पेक्टिन वर्गातील पॉलिसॅकराइडेही हवी असतील तर तिसरा अर्क अमोनियम ऑक्झलेटच्या सौम्य द्रावणात घेता येतो. तीन वेगळ्या बाटल्या ठेवल्या की कोणता गुण कोठला हे शोधणे पुष्कळ सोपे होते.

गरम अर्कातील स्टार्च काढायला विकराचा उपयोग होतो. उष्णता सोसणारे अल्फा-अमायलेज ८५ ते ९५ अंशांवर वापरावे, मग द्रावण थंड करून सामू साडेचारच्या आसपास आणावा आणि ६० अंशांवर अमायलोग्लुकोसिडेज द्यावे. सुटलेले ग्लुकोज डायलिसिसने जाते. आयोडीनचा निळा रंग पूर्ण गेल्याशिवाय थांबू नये. बाजारातल्या विकरांच्या द्रावणात ग्लिसरॉल किंवा माल्टोडेक्स्ट्रिनसारखी द्रव्ये टिकाऊपणासाठी घातलेली असू शकतात, म्हणून वनस्पतीविना, केवळ विकराचा एक कोरा नमुना शेवटपर्यंत बरोबर चालवावा.

विकर वापरण्याआधी मात्र एक निर्णय जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. गुळवेलीतील प्रतिकारशक्तीवर परिणाम करणाऱ्या अरॅबिनोगॅलॅक्टनचे वर्णन मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले होते. पण याच वेलीतून १,४ जोडणीच्या अल्फा-ग्लुकनचेही वर्णन झालेले आहे. स्टार्चचा कणाही १,४ जोडणीचाच असतो. म्हणजे आपले लक्ष्य ते ग्लुकन असेल तर अमायलेज नकोशा स्टार्चबरोबर हवे ते द्रव्यही खाऊन टाकील. आयोडीनने तांबूस छटा दिलेली बाटली येथे महत्त्वाची ठरते: तिला विकर लावण्यापूर्वी तिचा अर्धा भाग बाजूला काढून ठेवावा.

तपकिरी रंग आणि त्याच्या आडून येणारा गुण

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. कच्चा अवक्षेप तपकिरी असतो, आणि जितका तपकिरी तितका डीपीपीएचमध्ये बलवान असतो. हा योगायोग नसतो.

पाण्यात उतरलेली फिनॉल वर्गातील द्रव्ये इथेनॉलमध्ये विरघळतात, त्यामुळे अवक्षेपाबरोबर ती खाली बसू नयेत अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात हायड्रोजन बंधांमुळे आणि अवक्षेपाच्या गुंत्यात अडकल्यामुळे त्यांचा काही भाग पॉलिसॅकराइडबरोबर खाली येतो. किती भाग आला की आकडा बिघडतो, ते एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, भुकटीत वजनाने तीन टक्के फिनॉल आहे आणि आपण एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम भुकटी घेऊन चाचणी केली. म्हणजे त्या मिलिलिटरमध्ये ३० मायक्रोग्रॅम फिनॉल आले. गॅलिक आम्ल तर काही मोजक्या मायक्रोग्रॅमच्या पातळीवरच डीपीपीएचचा रंग निम्म्यावर आणते. तेव्हा उरलेली ९७ टक्के भुकटी साधी साखर असती, तरी आकडा तसाच आला असता.

म्हणून प्रत्येक भुकटीचे फोलिन-सिओकाल्तू अभिकारकाने ७६५ नॅनोमीटरवर एकूण फिनॉल मोजावे आणि तेवढे गॅलिक आम्ल घेऊन तीच अँटिऑक्सिडंट चाचणी शेजारी चालवावी. दोन्ही आकडे जवळपास आले तर पॉलिसॅकराइडच्या नावावर काही शिल्लक उरत नाही. ही तुलना ढोबळ आहे, कारण वनस्पतीतील फिनॉले म्हणजे गॅलिक आम्ल नव्हे, आणि फोलिन अभिकारक प्रथिनांशी व इतर क्षपणकारक द्रव्यांशीही रंग देतो. तरीही कोणत्या दिशेने शोधायचे ते ती ठामपणे सांगते.

उपाय अर्क घेण्याच्या आधीच करावा. वाळलेले भरड चूर्ण ८० टक्के इथेनॉलमध्ये दोन ते तीन वेळा उकळत्या तापमानावर, संघनक लावून शिजवावे आणि दर वेळचे इथेनॉल गाळून वेगळे साठवावे. बर्बेरिन, पामाटिन अशी पिवळी अल्कलॉइडे, कडू द्रव्ये, हरितद्रव्य, सुटी साखर आणि मुक्त फिनॉले यांतला मोठा भाग येथेच निघून जातो, आणि पाण्यात गेल्यावर अर्क काळवंडवणारी विकरेही निकामी होतात. एवढ्या इथेनॉलमध्ये स्टार्चचे कण फुगत नाहीत, त्यामुळे येथली उष्णता स्टार्चच्या बाबतीत निर्धोक असते. उष्णतेला मनाई आहे ती पाण्यात. शेवटचे धुवण जवळजवळ रंगहीन होईपर्यंत थांबावे, मग चूर्ण पसरून इथेनॉलचा वास पूर्ण जाईपर्यंत वाळवावे आणि त्यानंतरच पाणी घालावे. ही पायरी वेळखाऊ म्हणून गाळली जाते आणि मग तिची किंमत पुढच्या प्रत्येक पायरीवर मोजावी लागते. जाता जाता: अतिनील दिव्याखाली भुकटीच्या द्रावणात पिवळी-हिरवी चमक दिसली तर बर्बेरिन वर्गातील द्रव्य अजून आत आहे असे समजावे.

काळवंडणे टाळण्यासाठी काही जण अर्कात सोडियम मेटाबायसल्फाइट किंवा ॲस्कॉर्बिक आम्ल घालतात. रंग सुरेख राहतो, पण ही दोन्ही द्रव्ये स्वतःच क्षपणकारक आहेत आणि ती नीट धुतली गेली नाहीत तर चाचणीतला गुण त्यांचाच असतो. आमच्याकडे एका खेपेचे आकडे फारच देखणे आले होते. नंतर वहीत पाहिले तर अर्काच्या पाण्यात मेटाबायसल्फाइट होते आणि डायलिसिस एका रात्रीतच आटोपले होते.

दीर्घ काळ उकळण्यानेही रंग येतो, आणि तो अधिक फसवा असतो. साखर आणि अमिनो आम्ले यांच्या मेलार्ड अभिक्रियेतून तयार होणारी तपकिरी मेलॅनॉइडिने स्वतः अँटिऑक्सिडंट असतात. त्यातील मोठे रेणू डायलिसिसने जात नाहीत आणि इथेनॉलमध्ये अवक्षेपाबरोबरच राहतात. अर्क दोनऐवजी सहा तास उकळला तेव्हा गुण वाढला, असा निष्कर्ष कोणी सांगू लागले की मी आधी भुकटीचा रंग विचारतो. अर्क आटवतानाही हाच धोका असतो, म्हणून उघड्या भांड्यात आटवू नये. कमी दाबाखाली, ५० अंशांच्या आत आटवावे.

रंग उतरवण्याच्या उपायांपैकी हायड्रोजन पेरॉक्साइड मी टाळतो. तो रंग काढतो हे खरे, पण साखळ्याही तोडतो, आणि अँटिऑक्सिडंट म्हणून तपासायच्या द्रव्याला ऑक्सिडीकारकाची आंघोळ घालण्यात काही अर्थ नाही. लाकडी कोळशाची सक्रिय भुकटी फिनॉलांबरोबर थोडे पॉलिसॅकराइडही शोषते. पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोन, म्हणजे न विरघळणारे पीव्हीपीपी, फिनॉलांना अधिक निवडकपणे धरते आणि सेंट्रिफ्यूजने सहज बाजूला होते, त्यामुळे निदानासाठी मला तेच बरे वाटते. थोड्या द्रावणात ते हलवून पुन्हा चाचणी केली आणि गुण एकदम कोसळला, तर तो सैल बांधलेल्या फिनॉलांचा होता.

सैल म्हणतो ते अशासाठी की काही वनस्पतींत फिनॉलिक आम्ले साखळीशी रासायनिक बंधाने जोडलेलीच असतात. मक्याच्या कोंड्यातील अरॅबिनोझायलनवर फेरुलिक आम्ल एस्टर बंधाने बसलेले असते, हे त्याचे परिचित उदाहरण. तसे असेल तर तो गुण पॉलिसॅकराइडचाच मानावा लागेल. ते तपासायला भुकटीच्या थोड्या भागाला खोलीच्या तापमानावर सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात, नायट्रोजनखाली काही तास ठेवावे, मग आम्ल घालून सुटलेली आम्ले इथिल ॲसिटेटमध्ये ओढून घ्यावीत. पीव्हीपीपीने न गेलेला गुण येथे इथिल ॲसिटेटमध्ये उतरला, तर तो बांधलेल्या फिनॉलांचा होता असे ठामपणे लिहिता येते.

चाचणीच फसवते तेव्हा

आतापर्यंत दोष भुकटीचा होता. काही वेळा भुकटी ठीक असते आणि चाचणी तिच्यासाठी चुकीची असते.

डीपीपीएच मिथेनॉलमध्ये किंवा इथेनॉलमध्ये विरघळवतात आणि ५१७ नॅनोमीटरवर मोजतात. पॉलिसॅकराइड तर आपण अल्कोहोल घालूनच खाली बसवलेले असते. तेच द्रावण पुन्हा मिथेनॉलमध्ये ओतले की ते गढूळ होते, गढूळपणामुळे यंत्र जास्त ॲब्सॉर्बन्स (प्रकाशशोषण) दाखवते आणि गुण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. कधीकधी ऋण आकडाही येतो, आणि विद्यार्थी रात्रभर पिपेट तपासत बसतो. शुद्ध भुकटीचा गुण नाहीसा झाल्यासारखा वाटण्याचे हे एक अगदी साधे कारण असू शकते. प्रत्येक पातळीला डीपीपीएचविना नमुना आणि मिथेनॉल असा स्वतंत्र कोरा नमुना ठेवावा, आणि वाचनापूर्वी क्युव्हेट उजेडासमोर धरून डोळ्यांनी पाहावे.

पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यासाठी एबीटीएस, म्हणजे रंग उतरण्याचीच पण पाण्यात चालणारी चाचणी, अधिक योग्य आहे. सात मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट अंधारात १२ ते १६ तास ठेवले की हिरवा-निळा रंग तयार होतो. तो ७३४ नॅनोमीटरवर ०.७० ॲब्सॉर्बन्स येईल इतका पातळ करून वापरतात. त्यातही एक मेख आहे: प्रथिनांतील टायरोसिन आणि सिस्टिन ही अमिनो आम्ले एबीटीएसचा रंग उतरवतात, म्हणून उरलेल्या प्रथिनाचा गुण येथे पॉलिसॅकराइडच्या खात्यावर जमा होऊ शकतो. वाचन सहा मिनिटांनी घ्यायचे की तीस मिनिटांनी, हे आधी ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवावे, कारण मोठे रेणू सावकाश अभिक्रिया करतात.

हायड्रॉक्सिल मूलकाच्या (रॅडिकलच्या) चाचणीवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. हा मूलक इतका आक्रमक आहे की तो जवळजवळ कोणत्याही सेंद्रिय रेणूशी, साध्या साखरेशीसुद्धा अभिक्रिया करतो. मॅनिटॉल तर प्रयोगशाळेत त्याला पकडण्यासाठीच वापरतात. मिलिलिटरला काही मिलिग्रॅम पॉलिसॅकराइड घातल्यावर हायड्रॉक्सिल मूलक कमी झाले, यातून त्या वनस्पतीविषयी काही विशेष कळत नाही. ही चाचणी करायचीच असेल तर बाजारातील डेक्स्ट्रान किंवा विद्राव्य स्टार्च त्याच पातळीवर शेजारी ठेवावे आणि त्याच्यापेक्षा आपली भुकटी किती पुढे जाते तेवढेच सांगावे. खरे तर हा नियम सर्वच चाचण्यांना लावण्यासारखा आहे. ॲस्कॉर्बिक आम्लाशी तुलना प्रत्येक जण करतो. निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या पॉलिसॅकराइडशी तुलना फारच थोडे जण करतात.

लोहाचे आयन धरून ठेवण्याची चाचणी मात्र अवश्य करावी. फेरोझिन हे लोहाशी रंग देणारे द्रव्य वापरून ५६२ नॅनोमीटरवर ती होते. युरॉनिक आम्ले (साखरेपासून बनलेली आम्ले) असलेली पॉलिसॅकराइडे धातूचे आयन बांधू शकतात आणि त्या मार्गाने ऑक्सिडीकरण रोखू शकतात. डीपीपीएचमध्ये हा गुण दिसणारच नाही. गुळवेलीच्या पॉलिसॅकराइडवरील कामातही लोहामुळे होणारी मेदाची हानी रोखण्याचा गुण तपासला गेला आहे. तेव्हा डीपीपीएचमध्ये गप्प बसलेली भुकटी सर्वत्रच निर्गुण असते असे नाही.

बाकीच्या लहानमोठ्या अडचणी

अवक्षेप काठीला गुंडाळणाऱ्या चिकट गोळ्यासारखा येत असेल तर इथेनॉलचे गणित तपासावे. ९५ टक्के इथेनॉल चार पट घातले तर शेवटची तीव्रता सुमारे ७६ टक्के होते, तीन पट घातले तर ७१ टक्के. वहीत केवळ “इथेनॉल घातले” असे लिहिलेले असते आणि दर खेपेला वेगळा अंश खाली बसतो. कमी तीव्रतेला मोठे आणि कमी शाखांचे रेणू आधी बसतात, बहुशाखी अरॅबिनोगॅलॅक्टनला जास्त तीव्रता लागते. इथेनॉल थंड असावे, सतत ढवळत बारीक धारेने घालावे आणि रात्रभर चार अंशांवर ठेवावे. चिकटपणाचे दुसरे कारण सुटी साखर. आधीची ८० टक्के इथेनॉलची पायरी केली असेल तर ती अडचण फारशी उरत नाही.

प्रथिने काढण्याच्या सेवाग पद्धतीत क्लोरोफॉर्म आणि ब्युटेनॉल चारास एक प्रमाणात घेतात. येथे द्रावण जोरजोराने हलवल्यास लोण्यासारखा पायस (इमल्शन) तयार होतो आणि त्यात बराच माल अडकतो. सावकाश उलटसुलट करावे आणि सेंट्रिफ्यूज करावे. अरॅबिनोगॅलॅक्टनला प्रथिन रासायनिक बंधाने जोडलेले असू शकते, आणि ते सेवागने कितीही वेळा धुतले तरी जाणार नाही. तेव्हा २८० नॅनोमीटरवर उरलेला उंचवटा पाहून दहाव्यांदा क्लोरोफॉर्म ओतण्याआधी अशी प्रथिनयुक्त अरॅबिनोगॅलॅक्टने ओळखणाऱ्या यारिव अभिकारकाने तांबडा अवक्षेप येतो का ते पाहावे.

उन्हाळ्यात खोलीच्या तापमानावर डायलिसिस लावून घरी गेलात तर सकाळी पिशवीतून आंबूस वास येईल आणि उतारा कमी झालेला असेल. तो जिवाणूंनी खाल्लेला असतो. चार अंशांवर, पाणी वारंवार बदलत, दोन दिवस हे काम चालावे. फ्रीझ-ड्रायरमध्ये नमुना फसफसून वर येत असेल तर त्यात इथेनॉल उरले आहे. ते आधी कमी दाबाखाली घालवावे.

फिनॉल-सल्फ्यूरिक आम्लाच्या चाचणीबद्दल दोन सूचना. ग्लुकोजच्या प्रमाण-रेषेवर अरॅबिनोजयुक्त पॉलिसॅकराइड मोजले तर आकडा तिरका येतो, कारण षट्‌शर्करांचा रंग ४९० नॅनोमीटरला आणि पंचशर्करांचा ४८० ला सर्वाधिक असतो. शिवाय साखळीतील घटकाचे वजन मुक्त ग्लुकोजपेक्षा कमी असल्याने ०.९ ने गुणावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे गाळणकागदाचा किंवा कापसाचा एक तंतू. तो सेल्युलोज आहे, म्हणजे साखरच, आणि परीक्षानळीत पडला तर तीन वाचनांतले एक वाचन अकारण उसळते.

खोड कोणाचे होते हेही एकदा तपासलेले बरे. बाजारातून आणलेल्या वाळक्या कांड्यांत गुळवेलीच्या जवळच्या जातींची सरमिसळ असू शकते. पाने असलेली फांदी स्वतः पाहून घ्यावी, वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळख पटवावी, आणि दाबून वाळवलेला नमुना ठेवावा.

गुणाचा जमाखर्च

एवढे करूनही प्रश्न सुटला नाही तर एक पद्धत अशी आहे की जिला मेहनत पडते, पण जिच्यापुढे तर्क चालवावे लागत नाहीत. प्रत्येक पायरीवर जे ठेवले आणि जे टाकले, त्या दोहोंचा गुण मोजावा. इथेनॉलचे धुवण, सेवागचा थर, डायलिसिसचे बाहेरचे पाणी, पीव्हीपीपीचा साका, यांतले काहीही फेकू नये. प्रत्येकाचा एबीटीएसमधील गुण ट्रोलॉक्सच्या (तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण अँटिऑक्सिडंटच्या) मायक्रोमोलमध्ये मांडावा, पण प्रति मिलिग्रॅम नव्हे, तर त्या पायरीतील एकूण मालाचा. मग सुरुवातीच्या अर्कातला एकूण गुण एका बाजूला आणि पुढच्या सर्व भागांची बेरीज दुसऱ्या बाजूला लिहावी.

डायलिसिसच्या पाण्याचा हिशेब करताना ते कमी दाबाखाली आटवून मगच मोजावे, कारण पाच-दहा लिटर पाण्यात पसरलेला गुण थेट मोजला तर शून्यच दिसतो आणि खाते चुकते. धुवणातले इथेनॉलही उडवून नमुना पाण्यात किंवा पाणी-मिथेनॉलच्या मिश्रणात घ्यावा, म्हणजे सर्व भाग एकाच फूटपट्टीने मोजले जातील. इथेनॉलचे धुवण अर्क घेण्याच्या आधीचे असल्याने ते त्या बेरजेत धरायचे नसते, पण ते कोरड्या चूर्णाच्या खात्यावर स्वतंत्र लिहून ठेवावे.

बेरीज जवळपास जुळली तर काहीही मोडलेले नाही. गुण केवळ दुसऱ्या बाटलीत गेला आहे, आणि ती बाटली कोणती हेही खात्यावरच दिसते. बेरीज बरीच कमी भरली तर मात्र रेणू मोडल्याचा पहिला संशय खरा, आणि ज्या दोन पायऱ्यांच्या मध्ये तूट पडली तेथेच उष्णता, सामू किंवा पेरॉक्साइड यांच्याकडे पाहावे. आमच्याकडे हा हिशेब जितक्या वेळा मांडला गेला, तितक्या वेळा मोठी रक्कम त्या स्वतंत्र खात्यावरच्या इथेनॉलच्या धुवणात निघाली, आणि तोपर्यंत त्या धुवणाच्या बाटलीवर कोणी साधी चिठ्ठीही लावलेली नव्हती.